काचबाईंचा हात

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे काचबाई म्हणत. हजेरीपटावर नाव वेगळं होतं आणि पदही चांगलं भारदस्त होतं, पण आधीच्या सरांनी एकदा गमतीत हाक मारली ती कायमची चिकटली. सव्वीस वर्षं त्यांच्या हातात काचच होती. नळ्या, चंबू, केसासारखी बारीक टोकं असलेले पिपेट. धुतलेली नळी त्या खिडकीकडे धरून बघत आणि एका थेंबाचा डाग दिसला तरी परत नळाखाली नेत. बाईंनी धुतलेल्या नळीत बघून केस विंचरता येतात, असं पोरं म्हणत.

धुणं हे मात्र त्यांचं वरकड काम. खरं काम होतं पिशव्या बनवण्याचं.

या पिशव्या म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यापायीच झाला. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. तो लिपिडांचा, म्हणजे एका जातीच्या मेदाचा बनलेला. प्रत्येक लिपिडाला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं, आणि दोन शेपट्या असतात, त्यांना पाण्याचं वावडं. शेपट्या वाकड्या असल्या की पापुद्रा मऊ राहतो, वाहता राहतो. सरळ असल्या की लिपिडं एकमेकांना घट्ट चिकटून बसतात आणि पापुद्रा थिजतो. लोणी फ्रिजमध्ये कडक आणि ओट्यावर मऊ, तसंच हे. फक्त कुठलं लिपिड किती उष्णतेला मऊ पडेल ते ज्याचं त्याचं ठरलेलं. पेशीला काही आत घ्यायचं किंवा बाहेर टाकायचं असलं की दोन पापुद्रे एकमेकांना भिडतात आणि त्यांचा एकच होतो. कुठली लिपिडं किती घातली म्हणजे हे जुळतं आणि किती घातली म्हणजे जुळत नाही, यावर प्रयोगशाळेच्या आताच्या सरांनी उभी हयात घालवली होती. जिवंत पेशीत सतरा भानगडी असतात, म्हणून ते हवी ती लिपिडं घेऊन त्यांच्या नुसत्या पोकळ पिशव्या करवून घेत. त्या करायच्या बाईंनी.

लिपिडाचं द्रावण नळीत घ्यायचं, नायट्रोजनची झुळूक सोडून ते सुकवायचं, म्हणजे काचेवर आतून एक पातळ थर बसतो. मग त्यात मिठाचं पाणी घालून हलवायचं. थर सुटतो, पाणी दुधाळ होतं. ते दूध एका धातूच्या ठोकळ्यात बसवलेल्या बारीक गाळणीतून, दोन बाजूंना दोन सिरिंजा लावून, एकवीस वेळा इकडून तिकडे ढकलायचं. सगळ्या पिशव्या सारख्या आकाराच्या होतात. अर्ध्या पिशव्यांत चमकणारा रंग घालायचा, अर्ध्या साध्या ठेवायच्या, दोन्ही एकत्र करून वर कॅल्शियमचा थेंब सोडायचा. पिशव्या जुळल्या तर रंग पसरतो आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर चढते. नाही जुळल्या तर रेघ आडवी.

बाईंच्या पिशव्यांची रेघ नेहमी चढे. "बाईंच्या हाताला यश आहे," असं सर म्हणत, आणि सर कुणाचं कौतुक करण्यातले नव्हते.

त्या हाताचं एक गुपित होतं.

नऊ वर्षांपूर्वी बाईंची बोटं पांढरी पडायला लागली. थंड वस्तूला हात लागला की आधी तर्जनी, मग तिच्या शेजारची दोन बोटं खडूसारखी पांढरी होत. त्यांत जीव आहे असंही वाटत नसे. मग ती निळी पडत, आणि रक्त परत आलं की अशी ठणकत की डोळ्यांत पाणी यायचं. प्रयोगशाळा तर बारा महिने गार ठेवलेली. धातूचा ठोकळा हातात घेताना विंचू डसल्यासारखं होई. एकदा चंबू निसटला. आवाज ऐकून कुणी यायच्या आत बाईंनी काचा गोळा केल्या होत्या.

डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. कारण त्यांनी एक उदाहरण डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्याआधी काचकाम करणाऱ्या गृहस्थांचा हात थरथर कापायला लागला, तेव्हा त्यांना मोठ्या आदराने भांडारात बसवलं गेलं. बिनखिडकीची खोली, खोक्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. दोन वर्षांत तो माणूस इतका गप्प झाला की जिन्यात भेटला तरी नुसती मान हलवायचा. बाईंनी मनाशी ठरवलं, आपल्या बोटांचं कुणाला कळू द्यायचं नाही. त्या हातमोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक घालू लागल्या. मिठाच्या पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता कोपऱ्यातल्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या विजेवरच्या हौदीत, ठेवू लागल्या. तो बाथ दिवसभर सत्तर अंशांवर चालूच असे. नळी हातात घेण्याआधी पाच मिनिटं त्यातच उभी करत, मध्येमध्ये परत बुडवत. धातूचा ठोकळा त्याच्या झाकणावर ठेवून देत. बोटं हुळहुळत, पण काम होई. कुणी काही विचारलं नाही, आणि बाईंनी काही सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी संशोधनासाठी एक मुलगी आली. ती इतकं भरभर बोले आणि इतकं कमी खाई की तिचं नाव चिमणी पडलं. तिच्या कामासाठी सरांनी एक नवीन लिपिड मागवलं होतं, सरळ शेपट्यांचं, लहान डोक्याचं, ताठ. नेहमीच्या मऊ लिपिडांत ते थोडंसं मिसळलं की पिशव्या भसाभस जुळत होत्या. सरांनाही अपेक्षा नव्हती इतक्या. चिमणीने त्यावर लेख लिहिला. पिशव्या बाई करत, मोजमाप ती करी. लेख छापून आला त्या दिवशी तिने बाईंना मिठीच मारली.

मग पत्र आलं.

दुसऱ्या एका प्रयोगशाळेने लेखात लिहिल्याप्रमाणे चार वेळा प्रयोग करून पाहिला होता. चारही वेळा रेघ आडवी. त्यांनी मासिकाला कळवलं, मासिकाने सरांना विचारलं. सरांनी दार लोटून घेतलं आणि बाईंना आत बोलावलं.

"बाई, पिशव्या करताना तुम्ही काही वेगळं करता का? लिहिलंय त्याहून?"

सर चष्म्यावरून बघत होते. बाईंना बाथ आठवला, पण बाथ म्हटलं की बोटं आली, बोटं म्हटली की भांडार आलं. आणि कोमट काय, गार काय, पाणी ते पाणीच की.

"नाही, सर."

"नक्की?"

"नक्की."

एवढंच. पण त्या दिवसापासून बाईंना घास गोड लागेना.

चिमणीने स्वतः पिशव्या करायला घेतल्या. तिने कागद समोर ठेवून, लिहिलेलं पाणी, लिहिलेली वेळ, सगळं तंतोतंत केलं. रेघ आडवी. पुन्हा केलं. आडवी. तिसऱ्या वेळी ती यंत्रापुढे नुसती बसून राहिली. तिची बडबड बंद झाल्यामुळे खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या हातून होतं, माझ्या हातून होत नाही. याचा अर्थ लोक काय काढतील?"

"काय काढतील?"

"की पिशव्यांत कुणीतरी काहीतरी घालतं. नाहीतर मी रेघा मनानेच काढल्या."

ती बाईंकडे बघत होती, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच एक प्रश्न होता. बाईंनी नळ्यांचा ट्रे उचलला आणि धुवायला नेला. त्या नळ्या धुतलेल्याच होत्या.

पुढचे दोन आठवडे फार वाईट गेले. व्हरांड्यात दोघं बोलत उभे असले आणि बाई आल्या की बोलणं थांबायचं. चिमणीला दुसरीकडे नोकरी ठरली होती. तिथल्यांनी कळवलं की हे मिटेपर्यंत थांबू. सर एकाएकी म्हातारे दिसायला लागले. मग नोटीस लागली: दोन माणसांची चौकशी समिती येणार, तीन दिवस थांबणार, प्रयोग डोळ्यांसमोर करून घेणार. बाईंना एका कागदावर सही करायची होती. त्यावर छापलं होतं, 'लिखित पद्धतीत मी कोणताही बदल केलेला नाही.' कारकून पेन पुढे धरून उभा होता. बाईंनी सही केली. ती त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही.

समितीत एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्या बोलायच्या कमी आणि लिहायच्या जास्त. त्यांच्याबरोबर एक स्थूल गृहस्थ होते, गळ्यात घड्याळ अडकवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी काचबाईंना टेबलापाशी उभं केलं. सर भिंतीला टेकून, चिमणी दारापाशी. गृहस्थ लेखातली पद्धत एकेक ओळ मोठ्याने वाचत आणि बाईंनी तेवढंच करायचं.

"पायरी पहिली..."

थर सुकवला. छान बसला.

"पायरी तिसरी. खोलीच्या तापमानाचं द्रावण, दोन मिलिलिटर."

बाईंचा हात सवयीने कोपऱ्याकडे वळला. समितीच्या बाईंचं पेन थांबलं. काचबाईंनी हात आवरला आणि टेबलावरची बाटली उचलली. गार काच मोज्यांतून बोटांना लागली. त्यांनी दात आवळून नळी हलवायला सुरुवात केली. ठोकळ्यात सिरिंजा बसवल्या तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं गेलेली होती. काहीच कळत नव्हतं, नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर त्या दट्ट्या ढकलत होत्या. एकवीस वेळा. गृहस्थ मोठ्याने मोजत होते.

पिशव्या यंत्रात गेल्या. कॅल्शियमचा थेंब पडला.

रेघ आडवी.

पाच मिनिटं सगळे त्या रेघेकडे बघत राहिले, जणू ती लाजेकाजेस्तव तरी उठेल. चिमणी वळून बाहेर गेली. समितीच्या बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि टोपण लावलं.

बाई नळी धुवायला मोरीकडे गेल्या. सवयीप्रमाणे त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. नळीच्या आत, तळापासून दोन बोटं वर, काचेला एक पांढुरका डाग होता. मेणबत्ती टेकवल्यासारखा. थर पूर्ण सुटलाच नव्हता. तीन वर्षांत त्यांच्या एकाही नळीत असा डाग राहिला नव्हता.

त्यांनी ती नळी धुतली नाही. कागदात गुंडाळली, वर तारीख घातली आणि आपल्या खणात ठेवली.

घरी त्यांची नणंद होती. बाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. नणंदेने लग्न केलं नव्हतं, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ती या दोन खोल्यांत राहायला आली आणि राहिलीच. वयाने बाईंपेक्षा सात वर्षांनी मोठी, जिभेने सत्तर. बोटांचं तिला एकटीला माहीत होतं, कारण भाजी धुताना एकदा तिने ती पाहिली होती.

बाई आल्या तशा खुर्चीत बसल्या. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही.

"काय गं वहिनी? झालं का तुझ्या पिशव्यांचं लग्न?"

"नाही झालं, वन्सं."

वन्संनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि गॅस बंद केला. बाईंनी मग सगळं सांगितलं. पाणी, बाथ, सरांना दिलेलं उत्तर, सही, डाग. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. "मी बोटांसाठी करत होते हो. त्याने काही फरक पडत असेल असं मनातसुद्धा आलं नाही. आणि आता त्या पोरीला लोक खोटारडी म्हणताहेत."

"मग सांगून टाक."

"सांगून टाक काय? सही केलीय मी! खोटं बोलले म्हणून काढतील, नाहीतर बोटं बघून भांडारात बसवतील."

"हे बघ," वन्सं म्हणाल्या, "मी चौतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. एक सांगते. माणसं लाइनवर येऊन, नंबर लागल्यावर, पलीकडून हॅलो आल्यावर फोन ठेवून देतात. आणि मग परत मलाच बोलावतात, बाई, जरा पुन्हा जोडता का. शेवटी बोलावं लागतंच. तेवढी मधली घालमेल फुकट."

"तुम्हाला सोपं आहे बोलायला."

"आहेच. बोलण्याचीच नोकरी केली." मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आधी खात्री कर. उगाच बोटांचं गाऱ्हाणं घेऊन जाऊ नकोस. पाण्यामुळेच होतंय का, ते बघ. असेल तर सांग. नसेल तर गप्प बस आणि डॉक्टरकडे चल."

दुसऱ्या दिवशी बाई सात वाजता प्रयोगशाळेत पोचल्या. दाराचं कुलूप काढताना किल्ली दोनदा पडली. त्यांनी दोन नळ्या घेतल्या. लिपिडाची बाटली तीच, गाळण्या एकाच पाकिटातल्या, मोजमाप तेच. एका नळीत टेबलावरचं पाणी घातलं. दुसरीत बाथमधलं, आणि ती नळी बाथमध्येच उभी केली. ठोकळाही झाकणावर ठेवला. दोन्ही नळ्या सारख्याच हलवल्या. मग दोन्ही खिडकीकडे धरल्या.

गार नळीत पांढरा डाग होता. गरम नळीची काच आरपार स्वच्छ.

यंत्र चालवायला त्या शिकल्या होत्या, पण स्वतः कधी चालवलं नव्हतं. बटणं दाबताना त्यांना वाटत होतं की आता कुणीतरी दारात उभं राहून विचारेल, काय करताय? गार पिशव्यांची रेघ आडवी गेली. गरम पिशव्यांवर थेंब सोडला आणि रेघ जी उठली ती पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली.

बाईंना आनंद झाला नाही. म्हणजे खरंच आपणच. तीन वर्षं आपण या पोरीच्या कामात एक गोष्ट घालत होतो आणि ती कुणालाच माहीत नव्हती. क्षणभर मनात आलं, दोन्ही नळ्या मोरीत ओताव्यात. समिती उद्या जाईल. कुठलंतरी कारण निघेल, सगळ्यालाच निघतं. त्या मोरीपर्यंत गेल्यासुद्धा. नळ सोडला. गार पाण्याचे शिंतोडे मनगटावर उडाले आणि त्यांनी नळ बंद केला.

नऊ वाजता सरांच्या खोलीत समिती बसली होती. चिमणीला समोर बसवलं होतं, डोळे सुजलेले. बाईंनी दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

"मला सांगायचंय," त्या म्हणाल्या आणि पुढचं सगळं विसरल्या. मग त्यांनी टेबलावर तीन नळ्या ठेवल्या, कालची एक आणि आजच्या दोन, आणि हातमोजे काढायला लागल्या. आधी वरची जोडी, मग आतली. सकाळपासून गारठ्यात काम करून बोटं निळसर झालेली होती.

"मी पाणी गरम घेते. नऊ वर्षं. बोटं अशी होतात म्हणून. सरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. कागदावर सही केली तीही खोटी. या पोरीने काही केलेलं नाही. आज सकाळी दोन्ही करून पाहिलंय, गरम पाण्याने रेघ चढते. गार पाण्याने ताठ लिपिड काचेलाच राहतं."

मग सर उठून उभे राहिले.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण थरथरत होता. "या खोलीत, दार लावून, मी तुम्हाला विचारलं होतं, बाई."

"हो, सर."

"या मुलीचा महिना गेला यात!"

"हो, सर."

समितीच्या बाईंनी गार नळी उचलली, उजेडाकडे धरली, अगदी काचबाई धरत तशीच. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "या लिपिडाला मऊ व्हायला साठाच्या वर उष्णता लागते. त्याहून गार पाणी घातलं तर ते काच सोडणार नाही, पिशवीत जाणारच नाही. हे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो." त्या सरांकडे वळल्या. "मग लेखात खोलीचं तापमान कुणी लिहिलं?"

आता चिमणीचा चेहरा पांढरा पडला.

"मी," ती म्हणाली. "जुन्या लेखातून तो परिच्छेद उतरवला. तेव्हा सगळी मऊ लिपिडं असायची, त्यांना गार पाणी चालायचं. मला वाटलं, ताठ लिपिड इतकं थोडं आहे, मिसळेल. पिशव्या बाई करायच्या... मी कधी उभी राहून बघितलंच नाही."

"आणि मी वाचून सही केली," सर म्हणाले आणि खाली बसले.

तरी समितीचं समाधान झालं नाही. गृहस्थ म्हणाले, बाईंचा हात नको, दुसऱ्या कुणाचाही चालेल. त्या दिवशी चिमणीने पिशव्या केल्या, आणि शेवटी त्या गृहस्थांनी स्वतः कोट काढून, बाह्या सरसावून केल्या. त्यांनी पंचवीस वर्षांत सिरिंज धरली नव्हती. तेराव्या फेरीला गाळणी फाटली आणि सगळं पुन्हा करावं लागलं. बाई मागे उभ्या राहून सांगत होत्या, "हळू, साहेब. ढकलू नका, जाऊ द्या त्याला." चिमणीची रेघ चढली. गृहस्थांची वाकडीतिकडी, पण चढली. काचेवरचा डाग खरवडून तपासला तर तो जवळजवळ सगळा ताठ लिपिडाचाच निघाला.

अहवालात फसवणूक नाही असं आलं. हलगर्जी आहे असंही आलं, आणि तो शब्द तिघांच्याही नावापुढे होता. लेखाला दुरुस्ती छापावी लागली. बाईंना लेखी ताकीद मिळाली. ती पाकिटातून काढून त्यांनी एकदा वाचली आणि वन्संना दिली. वन्संनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत व्याकरणाची चूक आहे."

सर मात्र बोलेनात. काम सांगायचं तर चिमणीमार्फत सांगत. बाई सकाळी येत तेव्हा ते मान खाली घालून वाचत असत. रागावले असते, ओरडले असते तर बरं, असं बाईंना वाटे. पुढे काय वाढून ठेवलंय ते कळत नव्हतं. रोज त्या नोटीस बोर्डाकडे बघत येत, भांडारात बदलीचा कागद लागला आहे का.

चिमणीची नोकरी त्या लोकांनी धरून ठेवली होती. जायच्या आधी तिने एकच गोष्ट हट्टाने पुरी केली. गरम पाण्याने केलेल्या पिशव्या ती एकेक अंश गार करत गेली. गरम असताना सगळी लिपिडं एकत्र नांदत होती, पण गार होताना ताठ लिपिडं आपापले कळप करून वेगळी होत. पिशवीवर थिजलेली ठिगळं पडत, बाकी कातडं मऊ. आणि जुळणं सुरू व्हायचं ते त्या ठिगळांच्या काठावर, जिथे ताठ आणि मऊ एकमेकांना धड चिकटत नाहीत. लेखात तिने दिलेलं कारण वेगळं होतं. तेही दुरुस्तीत गेलं.

"म्हणजे माझं अर्धं चुकलंच होतं," ती बाईंना म्हणाली. "गार पाण्याने केलं असतं तर हे दिसलंच नसतं. आणि तुम्ही सांगितलं असतं तर तीन वर्षांपूर्वी दिसलं असतं."

"रागावलीस का गं?" बाईंनी विचारलं.

"थोडी," चिमणी म्हणाली. "जाईल."

अहवाल आल्यानंतर अठराव्या दिवशी सर बाईंच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात एक चिठ्ठी होती. पण ती भांडाराची नव्हती, विद्यापीठाच्या दवाखान्याची होती, वेळ ठरवलेली.

"गुरुवारी जा," सर म्हणाले. "नमुने ठेवायच्या गार खोलीत यापुढे तुम्ही जायचं नाही. ठोकळा गरम ठेवायला एक तापपट्टी मागवली आहे." मग जायला निघाले आणि थांबले. "नऊ वर्षं तुम्ही माझ्यासमोर काम करत होतात. मला दिसायला हवं होतं."

दवाखान्यात रक्त घेतलं. डॉक्टरीण म्हणाली, नुसता रक्तवाहिन्यांचा हट्टीपणा असेल तर गोळीने भागेल, पण यामागे दुसरं काही आहे का ते बघावं लागेल, पंधरा दिवसांनी या. त्या 'दुसऱ्या काही'ने बाईंची झोप पुन्हा उडाली.

त्याच पंधरवड्यात एकदा प्रयोगशाळेचा फोन वाजला. पलीकडे एक घोगरा पुरुषी आवाज होता.

"त्या पिशव्या करणाऱ्या बाई आहेत का? मी इकडच्या लॅबमधून बोलतोय. तुमच्या विरुद्ध पत्र गेलं ना, तिथून. पिशव्या मी करतो. इथले साहेब नाहीत आत्ता, म्हणून फोन केला."

बाई घट्ट रिसीव्हर धरून उभ्या राहिल्या. "बोला."

"दुरुस्ती वाचली. पासष्ट अंशांचं पाणी घेतलं, रेघ चढली एकदाची. पण तुमच्याइतकी नाही. नळी किती वेळ हलवता?"

"किती वेळ असं नाही," बाई म्हणाल्या. "डाग जाईपर्यंत. मध्ये दोनदा परत बुडवायची. घाई झाली की तळाला राहतं."

"तळाला कसं बघता? दूध झाल्यावर दिसत नाही."

"तिरपी करायची आणि खिडकीकडे धरायची. तुमच्याकडे खिडकी आहे ना?"

"आहे, पण तिच्यापुढे कपाट लावलंय."

"मग कपाट सरकवा आधी," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.